क्लबच्या प्रोने एका दिवसात १०० होल खेळून शाळेसाठी पैसे उभे करायचे, ते कसं

मी पुण्यातल्या विशेष मुलांच्या एका छोट्या शाळेच्या ट्रस्टचा हिशेब बघते, पगार न घेता. गेली तीन वर्षं एका गोल्फ क्लबचा प्रो आमच्यासाठी वर्षातला एक अख्खा दिवस खेळतो, सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळी चेंडू दिसेनासा होईपर्यंत १०० होल (एक होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा खेळ), आणि लोक त्याच्या प्रत्येक होलमागे पैसे देतात. त्यातून आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचा वर्षाचा पगार निघतो. आता बऱ्याच जणांचे फोन येतात की आमच्या गावात पण कोर्स आहे, प्रो ओळखीचा आहे, आम्हाला पण करायचंय, तर एकदाच सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे आम्ही जिथे ठेचकाळलो तिथे तुम्ही ठेचकाळू नका.

आधी प्रो म्हणजे कोण ते, कारण संस्थेतल्या लोकांचा इथेच गैरसमज असतो. टीव्हीवर दिसतात ते टूरवर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांत, खेळणारे प्रो वेगळे. अमेरिकेत पेन स्टुअर्ट नावाच्या अशाच एका प्रोने १९८७ साली बे हिलची स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाचे सगळे १,०८,००० डॉलर वडिलांच्या आठवणीत हॉस्पिटलला देऊन टाकले. आपल्या क्लबचा प्रो म्हणजे रेंजवर, सरावाच्या मैदानावर, उन्हात उभा राहून मेंबरांना आणि त्यांच्या पोरांना शिकवणारा माणूस, महिना त्याच्या शिकवणीच्या फीवर चालतो. त्याच्याकडे देणगी मागायची नाही. त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत, हातातला खेळ आणि क्लबमधल्या शंभर-दोनशे लोकांचा त्याच्यावर असलेला जीव. या दोनच गोष्टी वापरायच्या.

आता कुणीतरी कमिटीत म्हणणारच की चॅरिटी टूर्नामेंटच करू. मी हात जोडून सांगते, पहिल्या वर्षी नको. टूर्नामेंट म्हटली की शंभर खेळाडू, शॉटगन स्टार्ट (सगळ्यांनी वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरुवात), टी-शर्ट, टोप्या, बॅनर, ट्रॉफ्या, नाश्ता, बुफे, साउंड सिस्टिम, आणि स्पॉन्सरचे पैसे आधी त्यातच जिरतात. आम्ही एका टूर्नामेंटचे लाभार्थी होतो, स्टेजवर बोलावलं, फुलं दिली, फोटो झाले, आणि हातात जो चेक आला तो बघून मला घरी येऊन रडू आलं, कारण त्या दिवशीच्या जेवणाचं बिल मला माहीत होतं. प्रोच्या १०० होलला खर्च किती, तर दोन कार्ट (कोर्सवर फिरायच्या छोट्या गाड्या), कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारे), माळी, खाणं-पाणी, एक फळा. तेवढा खर्च एखादा मेंबर खुशीने उचलतो, आणि बाकी आलेला रुपयान् रुपया संस्थेत जातो.

संस्था निवडताना मोठं नाव बघू नका, जवळची बघा. कोर्सपासून रिक्षाने जाता येईल अशी, म्हणजे प्रोला आणि मेंबरांना जाऊन डोळ्याने बघता येते. कागद मात्र पक्के हवेत: धर्मादाय आयुक्तांकडचं रजिस्ट्रेशन, इन्कम टॅक्सकडचे १२ए आणि ८०जी (८०जी म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये सवलत), ट्रस्टचं पॅन, ट्रस्टच्या नावाचं बँक खातं, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट. यातलं काही अर्धवट असेल तर थांबा, आधी ते पूर्ण करा. आणि संस्थेला विचारा की नेमकं काय हवंय. "मुलांच्या कल्याणासाठी" असं सांगून कुणी खिशात हात घालत नाही. आमच्याकडे होतं, थेरपिस्टचा पगार, महिना २०,०००, वर्षाचे २,४०,०००.

आता हा आकडा १०० ने भागा. २,४००. म्हणजे एका होलमागे सगळ्यांचे मिळून २,४०० रुपये जमले की काम झालं. आणि ते कसे जमतात बघा: होलला १०० देणारे ८ जण, ५० देणारे १४, २५ देणारे २८, १० देणारे २०. झाले २,४००, माणसं फक्त ७०. हा हिशेब मी कागदावर मांडून प्रोला दाखवला तेव्हा त्याचा चेहराच बदलला, कारण अडीच लाख म्हटलं की छाती दडपते आणि ७० माणसं म्हटलं की तो बोटांवर नावं मोजायला लागतो. प्रत्येकाला सांगताना मात्र होलचा आकडा आणि एकूण आकडा दोन्ही एका दमात सांगा, "होलला २५, म्हणजे एकूण २,५००". नाहीतर नंतर माणूस म्हणतो मला वाटलं २५ रुपयेच द्यायचेत, आणि त्यात त्याची चूक नसते.

बर्डीवर, म्हणजे होल ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी घेऊन पूर्ण झाला की, वेगळे पैसे ठेवा, त्याने दिवसभर रंगत राहते. ही कल्पना आमची नाहीये. अमेरिकेत इलिनॉय आणि आयोवाच्या सीमेवर क्वाड सिटीज म्हणून गावांचा झुबका आहे, तिथल्या जॉन डिअर क्लासिक स्पर्धेत १९९२ पासून बर्डीज फॉर चॅरिटी चालतं. टूरचे प्रो त्या आठवड्यात जेवढ्या बर्डी मारतील त्यावर गावातली माणसं पैसे लावतात, अगदी बर्डीला एक सेंटपासून, आणि ते पैसे तिथल्याच आसपासच्या संस्थांना जातात, कुठल्या संस्थेला ते देणारा स्वतः लिहितो. एक सेंट! म्हणजे शाळेतलं पोरसुद्धा त्यात येऊ शकतं. आम्ही पण म्हणूनच होलला कमीत कमी १ रुपया ठेवला, आणि रेंजवर शिकायला येणाऱ्या पोरांनी पिगी बँकेतून शंभर-शंभर रुपये आणून दिले.

बर्डीच्या बाबतीत एक काळजी घ्या. देणाऱ्याला कमाल मर्यादा लिहायला सांगा. टूरचे चांगले खेळाडू एका राउंडला, म्हणजे १८ होलला, सरासरी चारच्या आसपास बर्डी करतात, क्लबचा प्रो स्वतःच्या कोर्सवर, पण दमलेला, घाईत खेळणारा, १०० होलमध्ये बारा ते अठरा करेल असं धरा. बर्डीला ५०० म्हणणाऱ्याला आधीच सांगा की साहेब हे ९,००० पर्यंत जाऊ शकतं, मर्यादा किती लिहू? मर्यादा लिहिली की माणूस निश्चिंत होतो आणि उलट जास्त देतो, हा अनुभव आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, मागणं. पहिल्या वर्षी मी रेंजवर गेले, संध्याकाळ होती, प्रो वाकून चेंडू बास्केटमध्ये भरत होता. म्हटलं, दादा, तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्हीच सांगा. तो भरतच राहिला, मान वर न करता म्हणाला, "ताई, ज्यांच्या बॅगा मी उचलल्या त्यांच्याकडे पैसे कसे मागू?" मला त्यावर एकदम काही बोलता आलं नाही. आपल्या देशात कितीतरी प्रो कॅडी शेडमधून वर आलेत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, आणि २००९ साली ती जिंकणारा बेंगळुरूचा मुनियप्पा पण कॅडीच होता. पण क्लबमध्ये साहेब आणि प्रो यांच्यात जी रेघ असते ती असते, आणि प्रोला ती रोज दिसते. तिच्याकडे दुर्लक्ष करून त्याला ढकललंत तर तो होकार देईल आणि कुणालाच विचारणार नाही.

आम्ही मग असं केलं, मागायचंच नाही. त्याने फक्त सांगायचं की मी काय करणार आहे. "साहेब, अमुक तारखेला मी शाळेसाठी १०० होल खेळतोय, तुमच्या नावापुढे होलला किती लिहू?" बस. हातात वही, पेन, आणि गप्प राहायचं. लेसनच्या मध्ये नाही, लेसन संपल्यावर, माणूस ग्लव्ह काढत असतो तेव्हा. एकेकट्याला गाठून. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड पाठवला की शंभर जण हात जोडल्याचे इमोजी टाकतात आणि वहीत दोन नावं येतात. रोज तीन माणसं धरली तर महिन्याभरात सत्तर पूर्ण होतात. आणि पहिलं नाव क्लबच्या कॅप्टनचं घ्या, मोठ्या आकड्याचं, ते वहीच्या पहिल्या ओळीवर असलं की खाली लिहिणाऱ्याचा हात आखडत नाही.

वहीत एवढंच: नाव, फोन, होलला किती, बर्डीला किती, कमाल मर्यादा, पावतीसाठी पॅन. पैसे आधी देतो म्हणणाऱ्याचे आधीच घ्या, नंतर बघू म्हणू नका. आणि पैसे ट्रस्टच्याच क्यूआर कोडवर, ट्रस्टच्याच खात्यात. प्रोच्या गुगल पे वर एक रुपया सुद्धा यायला नको. तो प्रामाणिक आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण उद्या क्लबमध्ये कुणी एक शब्द बोललं तर त्याची रोजीरोटी जाते, तुमची नाही.

टॅक्सबद्दल लोक विचारतात. ८०जीची सवलत जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यालाच मिळते, नव्या रेजीममध्ये नाही, हे स्पष्ट सांगा. रोख २,००० च्या वर दिली तर त्यावर सवलत नाही. वर्ष संपल्यावर देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सकडे भरावी लागते म्हणून पॅन आत्ताच घ्या, मार्चमध्ये सत्तर जणांच्या मागे लागणं फार वाईट. कंपनीचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) हवा असेल तर ट्रस्टचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागतं आणि कंपन्यांचं बजेट आधी ठरतं, त्यामुळे सहा महिने आधी जा.

परदेशातल्या नातेवाइकांचं जरा नीट वाचा, कारण मराठी घरात न्यू जर्सीला नाहीतर लंडनला कुणी ना कुणी असतंच आणि ते प्रेमाने पैसे पाठवतो म्हणतात. पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण पासपोर्ट अमेरिकन किंवा ब्रिटिश झालेला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी, आणि तुमच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याचं रजिस्ट्रेशन) नसेल तर ती घेता येत नाही. आईच्या खात्यात टाकतो मग आई देईल असली वाट काढू नका. छोट्या संस्थेचं सगळं काम त्यापायी अडकू शकतं.

तारीख. पुण्यात जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, साधारण सातला उजाडतं, साडेसहाला मावळतं, म्हणजे सव्वाअकरा-साडेअकरा तास. कार्टमध्ये एकटा माणूस मोकळ्या कोर्सवर १८ होल पावणेदोन तासात करतो. असे पाच राउंड म्हणजे ९० होल, पावणेनऊ तास, वरचे १० होल एक तास, झाले पावणेदहा. उरलेल्या दीडएक तासात खाणं, लघवी, कपडे बदलणं, हरवलेला चेंडू. बसतं, पण घट्ट बसतं. मे महिन्यात दिवस मोठा असतो म्हणून कुणी सुचवेल, ऐकू नका, उन्हाने माणूस आडवा होईल. चालत करायचं असेल तर १०० होल म्हणजे पन्नास किलोमीटरच्या आसपास चाल होते, तेव्हा ५४ होलच ठरवा आणि पैसे होलला दुप्पट लिहा.

सोमवार मागा. बऱ्याच कोर्सवर सोमवारी मेंबरांचा खेळ बंद असतो, त्यामुळे पुढे कुणी अडकत नाही. पण सोमवार हा माळ्यांचा मोठ्या कामाचा दिवस असतो आणि कॅडींची सुट्टी, म्हणून कमिटीची परवानगी मिळाली म्हणजे झालं असं समजू नका. हेड माळ्याला आणि कॅडी मास्टरला स्वतः जाऊन भेटा, कुठल्या ग्रीनवर (होलच्या खड्ड्याभोवतीचं बारीक गवत) कधी वाळू टाकणार, कधी पाणी सोडणार ते विचारा. आणि त्या दिवशी जे जे येतील त्यांना दुप्पट मजुरी, रोख, संध्याकाळच्या आत. हे पैसे खर्च उचलणाऱ्या मेंबरकडून, देणगीतून नाही. प्रो स्वखुशीने दिवस देतोय, कॅडीला तो पर्याय कुणी विचारलेला नसतो, त्याचा सोमवार फुकट घेऊन दुसऱ्या गरिबाच्या मुलाला द्यायचा हे मला कधीच पटलं नाही.

माणसं किती लागतात? दोन कॅडी प्रोबरोबर, एक कार्ट चालवायला आणि एक क्लब, म्हणजे खेळायची काठी, पुसून द्यायला. दोन आगेवाले, म्हणजे पुढे उभे राहून चेंडू कुठे पडला ते बघणारे, यांच्याशिवाय १०० होल होतच नाहीत, एक चेंडू शोधायला पाच मिनिटं गेली की वेळापत्रक कोलमडतं. एक जण स्कोअर लिहायला, तो प्रोचा नातेवाईक नको, मेंबर असावा, प्रत्येक होलवर सही. आणि इलेक्ट्रिक कार्ट असेल तर दुसरी चार्ज करून तयार ठेवा, पहिल्या वर्षी आमची दुपारी तीनला चढावर बंद पडली, दोन कॅडी ढकलत होते आणि प्रो बॅग खांद्यावर टाकून पुढच्या टीकडे, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिकडे, पळत होता.

शरीराची तयारी दीड-दोन महिने आधी. एका सोमवारी ३६ होल, दोन आठवड्यांनी ५४, आणि शेवटचा आठवडा आराम. त्या दिवशी पूर्ण ताकदीने मारायचं नाही, पाऊण स्विंग, ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) कमी, आणि पट (ग्रीनवरून होलात ढकलायचा फटका) लागला नाही तर हळहळत बसायचं नाही, पुढे. ग्लव्ह पाच-सहा, बुटांचे दोन जोड, मोजे चार. खायला केळी, चिक्की, दहीभात, आणि दर नऊ होलला मीठ-साखर-लिंबाचं पाणी, तहान लागो न लागो. चहा एकच.

आणि टेप. भरपूर टेप. मागच्या वर्षी ७१व्या होलवर मी कार्टजवळ होते. उजव्या हाताला ग्लव्ह नसतो, तर्जनीच्या खालचा फोड फुटला होता आणि ग्रिपवर ओलं लागत होतं. प्रोने हात पुढे केला, त्याच्या कॅडीने, जो त्याच्याबरोबर वीस वर्षं आहे, खिशातून टेप काढला, दाताने तोडला, दोन वेढे दिले, मग क्लबच्या ग्रिपवर फडका फिरवला आणि क्लब उलटा धरून त्याच्या हातात दिला. दोघं एक शब्द बोलले नाहीत. टीमागे तीन मेंबर उभे होते, त्यातल्या एकाने माझ्याकडून वही घेतली आणि स्वतःच्या २५ चे १०० केले. म्हणून सांगते, दुपारनंतर मेंबरांना कोर्सवर बोलवा, सकाळी नको. सकाळी ताजातवाना माणूस खेळताना बघून काही वाटत नाही.

दुपारी तीन नंतर एखाद्या पार-३, म्हणजे तीन फटक्यांच्या छोट्या, होलवर "प्रोपेक्षा जवळ" ठेवा. ५०० रुपये देऊन एक शॉट, प्रोच्या चेंडूपेक्षा होलच्या जवळ गेला तर प्रोचा एक लेसन फुकट. रोख बक्षीस नको, हौशी खेळाडूंना रोख बक्षिसाचे कडक नियम असतात, त्या वादात पडायला नको. रॅफलची तिकिटं तर अजिबात विकू नका, ते लॉटरीच्या कायद्यात येतं. शेवटचे १० होल मेंबरांना प्रोबरोबर चालू द्या, मुलांना पण.

आमच्या शाळेच्या मुलांना आणायचं का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. मी स्टेजवर उभं करायला साफ नाही म्हणते. पाच-सहा मुलं पालकांबरोबर येतात, प्रॅक्टिस ग्रीनवर त्यांच्या हातात पटर देतो, चेंडू होलात गेला की खाली जो टक असा आवाज येतो तो एका मुलाला इतका आवडला की त्याने तासभर तेच केलं. फोटो काढायचा तर पालकांना विचारून, आणि चेकबरोबर नाही.

संध्याकाळी १००वा पट पडला की काम निम्मं झालं असं समजा. खरी वसुली आता. त्याच रात्री प्रत्येकाला वेगळा मेसेज: "१०० होल पूर्ण, १४ बर्डी, तुमचे होलचे २,५०० आणि बर्डीचे १,४००, एकूण ३,९००, सोबत ट्रस्टचा क्यूआर कोड." प्रोच्या हाताच्या टेपचा फोटो लावा, दुसरा कुठला नको. त्या रात्री माणसाचं मन ओलं असतं, आठवड्याने तोच माणूस फोन उचलत नाही. चौथ्या दिवशी आठवण, आठव्या दिवशी फोन, आणि हा फोन ट्रस्टने करायचा, प्रोने कधीच नाही, त्याला त्याच लोकांना उद्या शिकवायचं असतं. एका कंपनीच्या साहेबांनी पहिल्या वर्षी मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरून फोटो काढला आणि पैसे आजतागायत आलेले नाहीत, आम्ही त्या भरवशावर एक व्हीलचेअर ऑर्डर करून बसलो होतो. तेव्हापासून खात्यात जमा झाल्याशिवाय एक पैसा खर्चात धरत नाही, आणि लक्ष्याच्या वर पाच-दहा नावं जास्त घेऊन ठेवतो.

महिन्याभरात पावत्या द्या आणि एक पानाचा हिशेब क्लबच्या नोटीस बोर्डवर लावा, किती आले, कुणाचे येणे बाकी (नावं नाही, फक्त आकडा), खर्च कुणी केला, पैसे कशाला लागले. खाली कॅडी आणि माळ्यांची नावं, सगळ्यांची, देणगीदारांच्या वर.

आणि प्रोला शाळेत घेऊन या, कामाच्या दिवशी, समारंभाला नाही. आमचा प्रो आला तेव्हा थेरपिस्ट ताई एका मुलीला स्टँडिंग फ्रेममध्ये उभं करत होत्या. तो बराच वेळ दारात उभा राहिला, मग आत आला, तिच्या पायांकडे बघितलं आणि ताईंना म्हणाला, हिचं वजन सगळं डाव्या टाचेवर जातंय. ताई म्हणाल्या, हो, त्याच्यावरच काम चाललंय. मग दोघं खाली बसून तिच्या उजव्या पायाखाली फळी किती जाडीची घालायची ते बघत बसले.